तुळजाबाईंचा उतारा

माझी भाची प्राजक्ता ताम्हिणीच्या रस्त्यावरचा एक विकाऊ, डोंगरउतारावरचा बंगला पाहायला निघाली, तेव्हा पारख करायला मला घेऊन गेली. मी जन्मभर रंगमंचावर खलनायक उभे केले, म्हणून कपट मला लांबून दिसते, असा तिचा समज. माझाही होता.

फाटकासमोर तीन वाटा मिळतात. तिथेच भात, कुंकू आणि कापलेले लिंबू पडले होते.

"मामा, करणी दिसतेय," प्राजक्ता म्हणाली.

आत तुळजाबाई होत्या, बंगला राखणाऱ्या. पोहायच्या तलावाशी आल्यावर म्हणाल्या, "हितं आमची नाचणी व्हायची. आता निळं पानी पिकतंय. शेत इकलं, धनी गेले, मी झाडलोटीला हितंच ऱ्हायले. मागची खोली माजी."

खाली धरणाचे पाणी पसरले होते. "किती सुंदर," प्राजक्ता म्हणाली आणि बाईंचा चेहरा पडला. नाटकात अशा चेहऱ्यानंतर सुरा निघतो. खोली सुटू नये म्हणून ही बाई गिऱ्हाइके पळवून लावते, माझी खात्री पटली.

"फाटकासमोरचा उतारा तुमचाच ना?"

"व्हय."

"गिऱ्हाईक पळावं म्हणून?"

"माजं डोस्कं फिरलंय व्हय, आबा? दिवाळीपत्तोर इकला न्हाई तर मालक अमोघशेठ बंगल्याला कुलूप घालनार. मग मी कुटं जाऊ? जो येतो त्यो 'लई छान' म्हनतो, आन पुन्हा फिरकत न्हाई. घराला नजर लागलीया. म्हून जो जाईल त्याच्या मागं उतारा करते, तिकाटन्यावर ठिवते."

"आणि पुढचा तो उतारा बघूनच परत फिरतो."

बाई तलावाच्या काठावर बसल्या.

प्राजक्ता त्यांच्याशेजारी बसली. "मी घेतला तर तुम्ही राहाल?"

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "गोड बोलून गेलेले लई बघितलेत, ताई."

निघताना त्यांनी फाटकासमोरचे सगळे झाडून घेतले. मग पदराखाली काहीतरी धरून गाडीत येऊन बसल्या. "फुडल्या तिकाटन्यावर सोडा. आत्ता तुमी छान म्हनलाय."

तिथे उतरून त्यांनी भात आणि लिंबू ठेवले. "मी जाते चालत. तुमी मागं बघू नका."

प्रवेश संपवून जाताना एकदा मागे वळून पाहायची माझी जुनी खोड. त्या दिवशी मान ताठ ठेवली.

"मामा," समोर बघतच प्राजक्ता म्हणाली, "बयाणा उद्याच देते. मागची खोली त्यांचीच राहील."