साळूच्या विहिरीवरची शपथ

"उगं रडू नगंस. हे गानं रडायचं न्हाई, भावाला ऐकवायचं हाय." लहानपणी कर्जतकडच्या माझ्या आत्यानं मला असं दटावलं होतं. गाणं साळूचं. परगावच्या पोरावर जीव जडला म्हणून सख्ख्या भावांनी तिला विहिरीत ढकललं, असं ते गाणं सांगतं.

त्यावरची नवी ऐतिहासिक कादंबरी परवा वाचली. आधी हरखले. शेवटी मात्र साळू चांदण्यात, हसत, स्वतःच उडी मारते आणि भाऊ काठावर टाहो फोडतात! पुस्तक मिटलं ते चिडूनच. आत्या आता नाही, पण तिच्या नातीची, पूजाची, हळद होती. निघाले.

नगरहून मिरजगावमार्गे कर्जतची एसटी सोयीची, पुढे शेअर रिक्षा. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी सोबत घ्या, वाटेत सावली फार नाही. लग्नघरी शिपी आमटी, म्हणजे इकडची डाळींची झणझणीत आमटी, आणि भात असेल तर दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

विहीर गावाबाहेर आहे. कादंबरी आल्यापासून तिथे 'प्रेमविहीर' असा फलक लागलाय. बदामाच्या आकाराची चौकट, तिच्यात फोटो काढणारी जोडपी, शेजारी भेळेची गाडी. संताप आला.

गावची रीत अशी की हळदीचं पहिलं पाणी नवरीच्या भावानं याच विहिरीतून काढायचं. कळशी वर आली की बायका त्याला अडवतात. नवरीसमोर "बहिणीला ढकलनार न्हाई" म्हटलं, की वाट मिळते.

पूजाचा भाऊ गणेश नगरच्या एमआयडीसीत आहे. पूजानं नवरा स्वतः निवडला म्हणून तो कित्येक महिने तिच्याशी बोलला नव्हता. कळशी काढून तो म्हणाला, "मी न्हाई म्हननार. साळूनं सोताच उडी टाकली. पुस्तकात हाय."

"पुस्तकवाला हुता का काठावर?" त्याची आई, शोभावहिनी म्हणाली.

"आई, लोक हसत्यात. आमी काय खुनी हाय व्हय?"

"मग म्हनायला जीभ का जड झाली रं, सायबा?" एक म्हातारी म्हणाली. बायका हसल्या.

पूजा हसली नाही. "दादा, मला ऐकायचं हाय," ती म्हणाली. "लई न्हाई, येकदाच."

गणेशनं कळशी काठावर ठेवली आणि मोटारसायकल काढून निघून गेला. भावाशिवाय ते पाणी कुणी उचललं नाही. हळद नळाच्या पाण्यात कालवली. पूजा पाटावर बसली, पण सगळा वेळ रस्त्याकडे बघत होती.

घरी आले तरी तिची ती नजर डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या भावाला शपथ घालायलाच हवी होती, नेमका तोच सुटला, आणि सुटायला त्याला छापील आधार मिळाला.

कादंबरीकार महाशय, पुढची आवृत्ती निघतेय म्हणे. चांदणं हवं तेवढं राहू द्या. फक्त साळूच्या पाठीवर तिच्या भावांचे हात परत ठेवा. कादंबरी म्हणजे कल्पना, असं म्हणून तुम्ही नाहीच म्हणाल. तरी मागते.