बंद दारापाशी बसलेल्या सुलभाताई

सुलभाताई करंबेळकर यांची आणि माझी पहिली भेट ठाण्यात, खोपटच्या एस.टी. आगाराजवळच्या एका दवाखान्यात झाली. माझी मुलगी इरा तेव्हा तिसरीत होती. शाळेने सांगितल्यावरून तिची तपासणी केली होती आणि त्याचा निष्कर्ष ऐकायला आम्ही डोंबिवलीहून आलो होतो. इरा एका जागी बसायला तयार नव्हती. पिंपाच्या नळाखाली ग्लास भरायचा, कोपऱ्यातल्या कुंडीत ओतायचा आणि पुन्हा भरायला पळायचं, असं तिचं चाललं होतं. बाहेर बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिला दामटून बसवणार, इतक्यात शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या झाडाला बरेच दिवस कोणी पाणी घातलेलं दिसत नाही. बरं झालं ती आली."

ताई तिथे दुसऱ्याच एका आईला सोबत म्हणून आल्या होत्या. निघताना त्यांनी मला कल्याणच्या आपल्या घराचा पत्ता सांगितला आणि शनिवारी यायला बजावलं.

हा शनिवार आता आमच्या भागातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. ताई बँकेत नोकरीला होत्या. त्यांचा मुलगा निखिल शाळेत असताना अक्षरं उलटसुलट दिसण्याला किंवा लक्ष न टिकण्याला आळस आणि हट्ट यांखेरीज दुसरं नावच नव्हतं. त्या काळात आपल्याशी बोलायला कोणी नव्हतं, एवढ्या एका कारणासाठी त्यांनी निवृत्तीनंतर अशा मुलांच्या आईवडिलांना घरी बोलवायला सुरुवात केली. दारावर पाटी नाही, समोर व्याख्याता नाही. सतरंजीवर बसायचं, पोहे खायचे आणि आठवडा कसा गेला ते सांगायचं. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करणाऱ्याला मात्र ताई वाक्य पुरं करू देत नाहीत.

डॉक्टरांनी इराची वाचनाची आणि लक्ष टिकवण्याची अडचण नीट समजावून सांगितली होती. मला ती पटली. माझे पती प्रसाद यांना पटायला वेळ लागला. मुलीवर त्यांचा फार जीव, आणि म्हणूनच ते रोज कामावरून आल्यावर तिला शब्द पाठ करायला बसवत. तोच शब्द पुन्हा चुकला की त्यांचा आवाज चढे. हळूहळू त्यांच्या चपलांचा आवाज आला की इरा आतल्या खोलीत पळू लागली. एका रविवारी संध्याकाळी तिने वही फेकली, न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि काही केल्या उघडेना. प्रसाद दार ठोठावत होते. मी रडवेली होऊन ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दार वाजवणं थांबवा. मी निघाले."

कल्याणहून रिक्षा करून ताई आल्या. प्लॅस्टिकचं स्टूल ओढून दारापाशी बसल्या. इराला हाक मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी प्रसादना विचारलं, "प्रसाद, तुम्ही लहानपणी कशाला घाबरायचात?"

प्रसाद गोंधळले. मग म्हणाले, "विहिरीला. गावाला आमच्या अण्णांनी मला पोहायला शिकवायला विहिरीत ढकललेलं. वर आलो की पुन्हा ढकलायचे."

"मग शिकलात?"

"नाही हो. अजून नाही येत."

"अण्णांचं तुमच्यावर प्रेम नव्हतं का?"

"होतं ना. भरपूर होतं."

प्रसाद मान खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "बाबा, तुला पोहता येत नाही?"

"नाही गं."

"भीती वाटते?"

"हो. खूप वाटते."

कडी निघाली. इराने बाहेर येऊन बाबांचा हात धरला. ताईंनी माझ्याकडे चहा मागितला आणि त्या प्रसादना म्हणाल्या, "शिकवायला दुसरं कोणीतरी मिळेल, ते मी बघते. वडील तिला दुसरे मिळणार नाहीत." त्यानंतर आमच्या घरातले ते संध्याकाळचे तास बंद झाले. ताईंनी सुचवलेल्या विशेष शिक्षिका इराला शिकवू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात बापलेक दोघांनी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. इरा आधी शिकली.

शाळेशी बोलणं सोपं नव्हतं. चौथीत असताना "हिच्यासाठी दुसरी शाळा बघा" असं सुचवण्यात आलं, तेव्हा ताई माझ्याबरोबर आल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. ताईंनी वर्गशिक्षिकांना एवढंच विचारलं, "बाई, ती तुमच्या वर्गात कधी रमते?" बाई विचार करून म्हणाल्या, "मी इतिहास गोष्टीसारखा सांगते तेव्हा. तेव्हा उत्तरंही देते, तोंडी." "मग तोंडीच विचारून बघाल का थोडे दिवस?" बाईंनी बघितलं. इरा त्याच शाळेत राहिली.

ताईंचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे त्या खोटा दिलासा देत नाहीत. एका शनिवारी घोडबंदर रोडहून आलेल्या एका वडिलांनी आशेने विचारलं, "तुमचा मुलगा आता काय करतो?" ताई म्हणाल्या, "नव्या इमारतींमध्ये स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो. तुमच्या बाजूलाच असतो बऱ्याचदा." त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. ताई हसल्या. "तुम्हाला हे उत्तर नको होतं ना? मलाही नको होतं. मला सवय व्हायला वेळ लागला. निखिलला नाही लागला. तो मजेत आहे."

इरा आता दहावीत आहे. अजून सावकाश वाचते, डबा अजून शाळेत विसरते, आणि आपल्याला काय जमत नाही हे न लाजता सांगते. तिच्या परीक्षेच्या दिवशी ताईंचा फोन येतो तो मला. "तू जेवलीस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. इतकी वर्षं सगळे मला मुलीबद्दल विचारत आले. माझ्या जेवणाची चौकशी करणाऱ्या ताईच.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुर करतात, तरी त्या सतरंजीवरच बसतात आणि उठताना कोणाचा हात घेत नाहीत. ताई, यापुढे तो घ्या. आमच्या मुलांना मोठं व्हायला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, आणि आम्हा आईवडिलांना त्याहून जास्त. तेवढा सगळा वेळ तुम्ही निरोगी, हसतमुख आणि आम्हाला रागावण्याइतक्या खणखणीत राहाव्यात, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं आहे.