आज फुटणार की परवा?

घाटकोपरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी बारा वर्षं बसतेय. किस्से जमवावे लागत नाहीत, न नेलेल्या रिपोर्टांसारखे आपोआप साचतात. आमच्याकडे मुख्य गर्दी फॉलिकल स्टडीची. म्हणजे पाळीच्या नवव्या दिवसापासून एक दिवसाआड यायचं, अंडाशयातली बीजाची पिशवी किती वाढली ते बघायचं. वीस मिलिमीटरच्या आसपास गेली की फुटते, बीज बाहेर पडतं. मग गर्भ राहायला हातात जेमतेम एक दिवस!

एकीचा नवरा प्लायवूडच्या दुकानात. तिने आमच्या काउंटरवरूनच त्याला फोन लावला, स्पीकरवर. "अहो, अठरा एमएम!"

"अठरा एमएम? झकास! परवापर्यंत वीस होईल!"

मागून गिऱ्हाइकाचा आवाज आला, "शेठ, तुमचा प्लाय वाढतो?"

*

एक सासूबाई सुनेबरोबर आल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन, फुटलं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "फुटलं? अगं, जरा जपून चालायचं ना!"

*

मॅडम एकदा रंगात येऊन सांगत होत्या, की बाईचं बीज नवरा असो-नसो, आपल्या वेळेवर सुटतं. मांजरीचं, सशाचं तसं नाही. नराशी संबंध आला की मगच सुटतं.

टेबलावरची पेशंट उठून बसली. "मॅडम, मला तेच सेटिंग द्या ना. आमचे हे शनिवार-रविवारीच येतात."

*

आमच्या आयाबाई मालवणच्या. कुणी विचारलं, "मावशी, या महिन्यात बीज उजवीकडून आहे, चांगलं ना?" की म्हणणार, "उजवी बाजू शुभ गो!"

पुढच्या महिन्यात तीच बाई, "आता डावीकडून आलंय."

"मगे? काळजाकडची ती!"

*

वैशाली मुलुंडच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची. चार वर्षं येत होती. दर वेळी आकडा स्वतःच वाचायची, दर वेळी "थँक्यू" म्हणून जायची. त्या दिवशी फाइल द्यायला मी आत गेले, तर मॅडम स्क्रीनवरून नजर न हलवता विचारत होत्या,

"पाळी कशी होती या वेळी?"

"थोडीशीच. दोन दिवस. का?"

"आज काही फुटणार नाही, वैशाली."

तिने डोळे मिटले. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात येते."

मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. काळी पिशवी, आत दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. वैशाली बघतच राहिली. आवाज मात्र वर्गातला लागला.

"असं नाही चालणार, मॅडम. आकृती लेबल करा."

मॅडमनी बाण त्या दाण्यावर नेला आणि एकेक अक्षर टाइप केलं. हृदय.