मडगार्डची आतली बाजू

कुठल्याही वस्तूवरून उलटा हात फिरवायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "राहिलंय." ही आमच्या शेजारच्या मावशींची सवय. आम्ही नवीन डायनिंग टेबल आणलं तेव्हा सगळ्या कॉलनीनं तोंड भरून कौतुक केलं. मावशी आल्या, बोटांची उलटी बाजू टेबलावरून सरकवली आणि म्हणाल्या, "कोपऱ्यात राहिलंय." बायको घुश्शात. पुढं त्याच कोपऱ्याला तिच्या साडीचा धागा अडकला, तेव्हा तो घुस्सा माझ्याकडे वळला. टेबल मी पसंत केलं होतं ना!

मावशी मूळच्या पेठकडच्या, डोंगरातल्या. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रंगखात्यात होत्या, पण रंग मारायला नाही. रंगाआधी प्रत्येक भाग पुसायचा आणि त्यावर धुळीचा कणही उरला नाही ना, ते हातानं बघायचं, एवढंच काम. निवृत्त होईपर्यंत तेच. स्प्रेची बंदूक त्यांच्या हातात कधी कुणी दिली नाही. "रंग ते मारायचे, चमकायचा माझ्यामुळं," असं सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. फुशारकी मात्र थोडी असायची.

नवरा लवकर गेलेला. घरात त्या आणि मुलगी. मुलगी सरकारी नर्स. आठवडाभर पेठच्या पुढच्या पाड्यांवर, रविवारी घरी. लसींचा डबा पाठीला लावून मोटरसायकलवर हिंडायची. तुम्ही त्या बाजूला पावसात गेला असाल तर तिथली तांबडी माती तुम्हाला ठाऊक असेल. ती नुसती लागत नाही, मुक्कामाला येते. एका उतारावर ती टायर आणि पुढच्या मडगार्डच्या मधे ठासून बसली, चाक जागीच अडकलं आणि पोरगी हँडलवरून पुढं फेकली गेली.

हाताचं प्लास्टर निघालं, पण भीती निघाली नाही. आमच्याच ओट्यावर बसून ती एकदा म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते."

मावशी शेंगा सोलत होत्या. "चूक तुझी नाय. मडगार्डची हाय."

"मडगार्ड नोकरी करत नाही, आई."

"मग त्याला मी बघते. एकदा जाऊन ये त्याच चढानं. पुन्हा चाक अडकलं तर राजीनामा दे. मी हां नाय म्हणणार, हूं नाय म्हणणार."

मुलगी कबूल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल पुढच्या मडगार्डविना उभी होती आणि मडगार्ड मावशींच्या मांडीवर.

या कामात मला धरायची जबाबदारी मिळाली. मी घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो, हे मावशींना माहीत होतं. म्हणून आधीच बजावलं, "दादा, फक्त धरा. डोकं लावू नका." मी मडगार्ड धरलं, त्यांनी करवतीनं त्याचं पुढचं टोक कापलं. समोरचे काका गॅलरीतून ओरडले, "मावशी, ट्रॅक्टर करताय का तिचा?" मावशी वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही चालवणार असाल तर विमान करते."

आता मडगार्ड चाकापासून किती वर उचलायचं, हा प्रश्न. मी मोबाइलवर शोधू लागलो. मावशी एसटीनं पेठला गेल्या आणि संध्याकाळी खताच्या गोणीत तांबडी माती घेऊन परत आल्या. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "मावशी, नाशकात काय माती मिळत नाही?" त्या म्हणाल्या, "मिळती. पण ती माझ्या पोरीला पाडत नाय."

ती माती त्यांनी परातीत पाणी घालून भाकरीच्या पिठासारखी मळली, टायरवर थापली आणि चाक फिरवायला लावलं. चाक अर्ध्यात अडकलं. मडगार्डच्या पट्ट्या बदलून ते वर उचललं, पुन्हा माती, पुन्हा अडकलं. असं करता करता एकदा चाक गरगरलं आणि चिखलाचा मोठा गोळा सुटून थेट माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आला. टाळी वाजवली ती मुलीनं. मी आतून चिडलो होतो, पण खोटं कशाला सांगू, टाळी मलाही वाजवावीशी वाटली. हात धरण्यात गुंतले होते.

"झालं की मग," मी म्हटलं. "रंग कशाला? चिखलातच जायचंय."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. "खरखरीत पत्र्याला माती धरती, दादा. गुळगुळीत असला की सोडती." आणि त्या मडगार्डची आतली बाजू घासायला बसल्या. आतली! जी कुणी वाकूनसुद्धा बघत नाही. पॉलिश पेपरनं घासायचं, पुसायचं, उलटा हात फिरवायचा, "राहिलंय." पुन्हा घासायचं. वरची बाजू त्यामानानं लवकर उरकली. "वरचं काय, लोकांना बघायचं. खरं काम आतलं." रंग पिवळाधमक निवडला, घाटातल्या धुक्यात समोरच्याला दिसावा म्हणून.

रंगाच्या दिवशी मडगार्ड कपड्यांच्या तारेला टांगलं. फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, पंखे बंद केले, मला शिंकायची मनाई केली. मग मावशींनी स्प्रेचा डबा उचलला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रंगासाठी पत्रे पुसलेल्या बाईनं पहिल्यांदा स्वतः बटण दाबलं. हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे संथ गेला. ओघळ नाही, डाग नाही. त्या बघत राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "असं असतं होय."

शेवटचा हात दसऱ्याच्या सकाळी मारला. तो वाळतोय तोच आमची आई पूजेचं ताट घेऊन निघाली. माझी स्कूटर झाली, शिलाई मशीन झालं, पाण्याची मोटर झाली. मग तिला तारेवरचं मडगार्ड दिसलं. "अगं बाई, हे राहिलंच!" म्हणत तिनं ओल्या रंगावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि वर चार अक्षता टाकल्या. त्या जिथल्या तिथं चिकटल्या. मी डोळे मिटले. आई रडवेली झाली.

मावशी जवळ आल्या. वाकून ते बोट, ती कुंकवाची रेघ निरखली. "राहू द्या, आई," त्या म्हणाल्या. "वरच्या बाजूलाच हाय. माती कुठं वर बसती?" मुलगी खो खो हसली. पडल्यापासून ती तशी हसली नव्हती. रंग वाळल्यावर मावशींनी त्या कुंकवावरून, अक्षतांवरून पारदर्शक लॅकरचा हात मारला.

त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. त्याच चढावर जायचा दिवस ठरला, तेव्हा मावशी साडीचा पदर खोचून लेकीच्या मागं बसल्या. "पडलो तर दोघी पडू." आम्ही कार घेऊन मागोमाग गेलो. डांबर संपलं तिथं माझी कार आणि माझी हिंमत एकदमच थांबली. काच खाली करून आम्ही बघत राहिलो. समोर तांबडा चढ, त्यावर ती मोटरसायकल. मधे ती डुलली, मावशींनी लेकीची कंबर घट्ट धरली, आणि पिवळ्या मडगार्डखालून चिखलाचे गोळेच्या गोळे सुटून मागं पडू लागले. चाक थांबलं नाही. दोघी वर पोचल्या, वळल्या आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

राजीनामा लिहिलाच गेला नाही. मावशी पेठच्या पुढं, लेकीच्या पाड्यावरच राहायला गेल्या. शेजारचं घर विकलं गेलं. मागच्या हिवाळ्यात मावशीही गेल्या.

परवा पेठच्या बाजारात माझ्या कारचं चाक पंक्चर झालं. गॅरेजबाहेर ओळीनं मोटरसायकली उभ्या होत्या, सगळ्यांची पुढची मडगार्डं आखूड कापून वर उचललेली. मी मेकॅनिकला विचारलं, "हा काय प्रकार?"

"मावशी कट, साहेब. वरच्या पाड्यांवर दुसरं चालत नाय."

"कोण मावशी?"

त्यानं खांदे उडवले. "काय माहीत. नावच हाय तसं."