इंग्रजीतून घेतलेलं नाव

केनवडला सासरी आल्यावर मी परीक्षेसाठी मोबाईलवर इंग्रजी वाक्यांचा सराव करायचे. सासूबाई शेजारी तूर निवडत प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणायच्या. 'इज' कुठं, 'आर' कुठं, विचारून मला हैराण करायच्या.

एकदा मोबाईलनं विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? सासूबाईंनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

"तिकडच्या बाया घेतात काय वं?"

"घेतात."

"मंग इंग्रजीतून घेतलं तं चालते."

आणि त्यांनी अख्खं वाक्य म्हटलं, नावासकट, खणखणीत.

गोठ्यातून सासरे लगबगीनं दारात आले.

"कोन बलावून राह्यलं मले?"

त्यांची आई गेल्यापासून या घरात त्यांना नावानं कुणी हाकच मारली नव्हती.