पोरीचं ते पोरीचं

चहाबरोबर दोन बिस्किटं मिळायची. एक ती खायची, दुसरं कागदाच्या तुकड्यात गुंडाळून कमरेला खोचायची. कुणी हसलं तर म्हणायची, "हे पोरीचं आहे. माझं खाऊन झालं."

अफझलगंजच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी पुस्तकं शिवायचो, ती समोर बसून छापील कागदांच्या घड्या घालायची. दिवाळीला शेठनं मिठाई दिली तरी तेच. बायकांनी चिडवलं, एक लाडू जास्त खाल्लास तर पोरगी काय केस करणार आहे का? ही मान वर न करता म्हणाली, "करेल. माझीच आहे ती." अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. सगळीकडं वाकेल, पण एका जागी मोडली तरी वाकणार नाही.

नवऱ्यानं तिला टाकली होती. कुकटपल्लीत पक्की नोकरी असलेला माणूस. कोर्टानं काडीमोड दिला, तिची आणि पोरीची पोटगी बांधून दिली. पुढं कारखान्याजवळच्याच मलकपेठच्या एका ऑटोवाल्यानं तिला मागणी घातली. बायको वारलेली, पदरात दोन लेकरं, माणूस सरळ. तिला बाप नव्हता. तिच्या जातीचा, तिच्याच भागातला म्हातारा म्हणून लग्नाच्या बैठकीत तिच्या बाजूनं मी बसलो. मान मिळाला म्हणून फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

आमच्यात असं दुसरं लग्न लावायच्या आधी जुन्या घराशी देणंघेणं तोडायची रीत आहे. जुन्या नवऱ्याचा भाऊ स्टँपपेपर लिहूनच घेऊन आला. बाई यापुढं स्वतःसाठी आणि मुलीसाठी काही मागणार नाही. ती म्हणाली, "काका, माझं सोडलं. पोरीचं कसं सोडू? ते माझं नाहीच."

मला राग आला. चार माणसांत ही मला शिकवणार? मी म्हटलं, नव्या घरी जाताना त्या हरामखोराचं उष्टं कशाला नेतेस, नाक वर करून जा. ती आत हळदीला गेली आणि मी वडीलधारा म्हणून सही ठोकली. चौथी नापास माणूस मी, पण सही ठसठशीत.

पोटगी त्याच महिन्यापासून बंद. बापानं निरोप धाडला, आता पोरीला नवा बाप आहे, त्याच्याकडं माग. नवा बाप तिन्ही लेकरांना पोटभर घालायचा, पण शाळेची फी थकली आणि पोरीचं दहावीचं हॉलतिकीट अडलं. कारखान्यात ती माझ्याकडं पाठ करून बसायला लागली. मग तिनं कोर्टात अर्ज केला आणि बापाच्या वकिलानं माझ्या सहीचा कागद पुढं केला.

कुणी न बोलावता मी तिथं गेलो. जजबाईंना सांगितलं, सही माझी आहे, बाईनं नको म्हटलं होतं. वकील हसला. म्हणाला, वडीलधारे तुम्हीच ना?

"हौ," मी म्हटलं. "वडीलधारा मूर्ख निघाला. त्याची शिक्षा पोरीला का?"

जजबाईंनी सांगितलं, आईनं लग्न केलं म्हणून आईची पोटगी थांबेल, पोरीची नाही. ती सोडून द्यायचा हक्क आईलाही नाही, मग या काकांना कुठून आला? थकलेलं सगळं भरा.

बापाचं तोंड उतरलं. मला त्याचंही समाधान झालं नाही. त्याचा राग येतो, त्या चार माणसांचा येतो. लेकराच्या तोंडचं काढून स्वतःची इज्जत राखणारी जात आमची. त्यात मी सगळ्यात पुढं.

बाहेर मी थांबलो. वाटलं, निदान शिवी देईल. एकाच बसमध्ये चढलो. बायकांना बस फुकट, मी माझं तिकीट काढलं. मायलेकी पुढं बसल्या, मलकपेठला उतरल्या. तिनं मागं पाहिलं नाही.

सोमवारी ती कामाला आली नाही. त्यानंतरही नाही. शेठनं विचारलं, हिनं काम का सोडलं?

मी म्हटलं, घर लांब पडतं.

मलकपेठ इथून किती लांब आहे, ते शेठलाही ठाऊक होतं.