पेरणीच्या तोंडावर ग्रीस

निलंग्याच्या बाजारात गंगम्माचं बी-बियाण्याचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून रोज सकाळी शटर तीच उघडायची. चाव्या तिच्या कमरेला. मुलगा रविकिरण लातूरला राहायचा आणि उन्हं चढल्यावर येऊन गल्ल्यावर बसायचा.

गेल्या वर्षी त्यानं ग्रीसला जायचं ठरवलं. हौसेनं आईचाही पासपोर्ट काढला. गंगम्मानं बाजारभर सांगितलं, स्वेटर आणला. तिकिटं काढायच्या वेळी मात्र तो म्हणाला, "अव्वा, तिकडं लई चढण हाय. तुझ्या गुडघ्याला झेपायचं न्हाई. दामिनीच्या आईला नेतो. तू दुकान बघ."

ती बरं म्हणाली. मग सून दामिनी तिकडून फोटो पाठवत राहिली. निळा समुद्र, पांढऱ्या घरांची बेटं, आणि चढणीवर खेचरावर बसलेली विहीणबाई. गुडघे विहीणबाईचेही दुखायचे. त्या फोटोनं गंगम्माच्या पोटात जे पेटलं, ते वर्षभर विझलं नाही.

यंदा तिनं उदगीरच्या बहिणीला, सिद्धम्माला, सोबत घेऊन ग्रीसच्याच सहलीत नावं घातली. तारीख स्वतः निवडली, जूनची.

"ऐन पेरणीत?" सिद्धम्मानं विचारलं.

"म्हणूनच."

घरी कुणाला न सांगता, शटरला कुलूप लावून ती निघाली. वाटभर बंद ठेवलेला फोन तिनं बेटावर जाणाऱ्या बोटीत चालू केला, आणि लगेच रविकिरणचा फोन आला.

"अव्वा, हायस कुठं? बियाण्याला रांग लागलीय. चाव्या?"

"माझ्यापाशी हायत. ग्रीसला."

तो म्हणाला, "आता मी काय करू?"

"दुकान बघ," म्हणून तिनं फोन ठेवला.

शेवटी त्याला भर बाजारात स्वतःच्याच दुकानाचं कुलूप कापावं लागलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गंगम्माला पाठवला. त्या दिवशी ती डोंगरातल्या एका मठाच्या पायऱ्या चढत होती. गुडघे खरंच ठणकत होते. ती बसत-उठत चढली, सिद्धम्माचा हातही धरला नाही. वर पोचल्यावर समोर डोंगरांच्या रांगा होत्या. तिनं आधी व्हिडिओ पुन्हा पाहिला.

परत आल्यावर रविकिरण म्हणाला, "बाजारात माझी इज्जत गेली."

"माझी गेल्या साली गेली होती."

पुढं कितीतरी दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा. सिद्धम्मानं फोनवर विचारलं, "गेला का आता तुझा राग?"

"न्हाई," गंगम्मा म्हणाली. "पण झोप बरी लागायलीय."